फ्लीसचे जाकीट : घ्यावे कसे, जपावे कसे?

थंडीची चाहूल लागली की पूर्वी घरोघरी दोन कामे हमखास निघत. एक, ट्रंकेतल्या शाली, स्वेटर, कानटोप्या उन्हात टाकणे. आणि दुसरे, लोकरीचे गुंडे आणि सुया घेऊन दुपारी ओसरीवर बसणे. ‘दोन उलट, दोन सुलट’ मोजता मोजता साऱ्या आळीच्या बातम्या विणून होत. हाताने विणलेल्या स्वेटरची माया आजही कमी झालेली नाही. पण मुलांच्या अंगावर मात्र आता वेगळेच कापड दिसते. मी सकाळच्या शाळेत शिकवते. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या तासाला वर्गात शिरले की समोर निळ्या, तांबड्या, करड्या लवदार जाकिटांची रांगच्या रांग. हलकी, मऊ, अंगाला न टोचणारी आणि धुतली की चार तासांत वाळणारी. हेच ते फ्लीस.

मुलांचे झाले, आता यजमानांच्या फिरायला जाण्यासाठी एक, सासूबाईंच्या यात्रेसाठी एक, परदेशी शिकायला निघालेल्या भाचीसाठी एक, अशी जाकिटे घरात येऊ लागली आहेत. रस्त्यावरच्या हातगाडीवर तीन-चारशेला मिळते तसलेच दिसणारे जाकीट मोठ्या दुकानात दोन-दोन हजारांना असते. मग आपण गोंधळतो. स्वस्त घ्यावे तर वर्षभरात त्याचे फडके होते. महाग घ्यावे तर पैसे कशाचे दिले ते कळत नाही. आणि साडीची पारख आपल्याला आईने शिकवली, तशी या कापडाची कुणी शिकवलेली नसते. म्हणूनच हा लेखप्रपंच.

मेंढीविना लोकर

‘फ्लीस’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर. या जाकिटात मात्र मेंढीचा काही संबंध नाही. हे कापड पॉलिएस्टरच्या धाग्याचे, म्हणजे आपल्या ‘टेरिलीन’च्याच घराण्यातले. आधी ते बनियनच्या कापडासारखे विणतात, मग तारांच्या बारीक दातऱ्यांचे रूळ त्यावरून फिरवून धागे विस्कटतात आणि वर आलेली लव एकसारखी कातरतात. त्यामुळेच ते मखमलीसारखे मऊ लागते आणि फुगीर दिसते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचे गिरण्यांचे गाव आहे. तिथल्या ‘माल्डन मिल्स’ या गिरणीने १९७९ साली हे कापड बाजारात आणले. ‘पॅटागोनिया’ ही गिर्यारोहकांचे कपडे करणारी कंपनी त्यात सहभागी होती. डोंगरात लोकरीचा स्वेटर भिजला की जड होतो आणि वाळता वाळत नाही, ही गिर्यारोहकांची जुनी अडचण. तिच्यावरचा हा तोडगा पुढे शाळेच्या मुलांपर्यंत येऊन पोचला.

या गिरणीची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री गिरणीला भीषण आग लागली. मालक ॲरन फ्यूअरस्टाइन सत्तरीचे होते. विम्याचे पैसे घेऊन स्वस्थ बसले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी गिरणी त्याच गावात पुन्हा उभारायचे ठरवले आणि काम बंद असलेल्या कामगारांना काही महिने पगार चालू ठेवला. ऐन नाताळाच्या तोंडावर हजारो घरांतल्या चुली पेटत्या राहिल्या. पुढे कर्जाचा बोजा झेपला नाही, २००१ साली गिरणी दिवाळखोरीत गेली आणि नंतर त्यांच्या हातून सुटली. २०२१ साली ते वारले. पण आजही ते ‘पगार न थांबवणारा मालक’ म्हणूनच लोकांना आठवतात.

आपल्याकडे मिळणारी बरीच जाकिटे लुधियानाच्या बाजारातून येतात. थंडीत गावोगावी तंबू टाकून बसणारे तिबेटी स्वेटरवाले पुष्कळसा माल तिथूनच भरतात. फ्लीसची पांघरुणे मात्र पानिपतची. तेव्हा ‘इंपोर्टेड आहे ताई’ असे कुणी सांगितले की हसून मान हलवावी आणि शिवण तपासावी!

ऊब कापडात नसते

हे नीट समजले की निम्मी खरेदी सोपी होते. कुठलेही कापड स्वतः गरम नसते. आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते ती कापडात अडकलेली हवा. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर असत. थरांमधली हवा हीच त्या गोधडीची खरी ऊब. फ्लीसच्या लवेत अशीच हवा अडकते, म्हणून ते वजनाला हलके असूनही गरम.

त्याचा दुसरा गुण म्हणजे ते पाणी पीत नाही. लोकर दमट हवेत आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा आत घेते. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही घेत नाही. म्हणून भिजलेले फ्लीस झटकून, पिळून घातले तरी थोडी ऊब देते.

आणि दोष? वारा त्यातून आरपार जातो. लव जितकी मोकळी तितका वारा जास्त. सकाळी स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडताना नुसते फ्लीस घातले की छातीला गार झोंबते, ते यामुळेच. अशा वेळी वरून साधे विंडचीटर घालावे. आत सुती कपडा, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारे पातळ आवरण; असे तीन थर एका जाडजूड कोटापेक्षा जास्त उपयोगी पडतात. ऊन चढले की एकेक उतरवता येतो.

दुकानात गेल्यावर

हात लावून ‘अगदी मऊ आहे हं’ म्हटले आणि पैसे दिले, असे करू नका. मऊपणा नव्या कापडाला असतोच. प्रश्न तो टिकण्याचा आहे. पुढच्या गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट, वजन. चांगल्या जाकिटाच्या चिठ्ठीवर किंवा दुकानदाराच्या तोंडी १००, २००, ३०० असे आकडे येतात. चौरस मीटर कापडाचे ते साधारण ग्रॅममधले वजन. १०० चे पातळ, सकाळ-संध्याकाळच्या गारव्याला किंवा आतून घालायला. २०० चे मधले. पुणे-नाशिकच्या थंडीला हेच पुरते. ३०० चे जाड, उत्तरेकडच्या किंवा डोंगरावरच्या थंडीसाठी. आपल्या गावात ३०० चे घेतले तर ते वर्षातले अकरा महिने कपाटातच बसते.

दुसरी गोष्ट, विणीचा दाटपणा. कापड उजेडासमोर धरा. सगळीकडे सारखे दिसले तर ठीक. मधूनमधून पातळ ठिगळासारखे दिसले तर परत ठेवा. मग थोडे ताणून सोडा. चटकन पूर्ववत झाले पाहिजे. ढिले पडले तर कोपराजवळ लवकरच पिशवी होणार.

तिसरी गोष्ट, बोंडे. कापडाची एक घडी दुसरीवर पंधरा-वीस वेळा जोराने घासा. हाताला बुरा लागला किंवा लवेच्या गुंडाळ्या होऊ लागल्या, तर दोन धुण्यांतच त्यावर बोंडे धरतील. चिठ्ठीवर ‘अँटी-पिल’ लिहिलेले असले तरी ही परीक्षा सोडू नये. जिथे दप्तराचे पट्टे घासतात तिथे बोंडे आधी येतात, म्हणून मुलांच्या जाकिटाला ती आवर्जून करावी.

चौथी गोष्ट, रंग. पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीपाशी घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्याच धुण्याला शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी होणार हे नक्की.

पाचवी गोष्ट, चेन. जाकिटाचे अर्धे आयुष्य चेनेवर असते. ती दहा वेळा वर-खाली करून पाहा. गळ्याशी चेनेचे टोक हनुवटीला टोचू नये म्हणून कापडाची छोटी पट्टी दुमडलेली असते. मुलांच्या जाकिटाला ती हवीच. टोपीला लोंबणाऱ्या नाड्या असलेली जाकिटे लहान मुलांना घेऊ नयेत. घसरगुंडीत, बसच्या दारात किंवा सायकलच्या चाकात नाडी अडकून गळ्याला फास बसू शकतो. असलीच तर घरी आल्यावर पहिल्याप्रथम ओढून काढून टाका.

आणि शेवटी शिवण. जाकीट उलटे करा. धाग्यांची टोके लोंबताहेत, खांद्याला शिवण एकेरीच आहे, असे दिसले तर भाव करत बसण्यात अर्थ नाही.

‘प्युअर लोकर आहे’ म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल शंका असेल तर घरी आतल्या शिवणीतला एक सुटा धागा कापा, चिमट्यात धरून मोरीत ज्योतीपाशी न्या. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. ही परीक्षा दुकानात किंवा मुलांसमोर करू नये, एवढेच.

साडीवर जाकीट

जाकिटे शिवणाऱ्यांनी साडी नेसणाऱ्या बायकांचा विचार केलेलाच नसतो असे मला नेहमी वाटते. कमरेपर्यंतच येणारे, घट्ट इलॅस्टिकचे जाकीट साडीवर चढवले की निऱ्यांजवळ फुगवटा येतो आणि पदराचे काय करावे कळत नाही. साडीवर घालायचे असेल तर पूर्ण उघडणाऱ्या चेनेचे, खाली इलॅस्टिक नसलेले आणि कमरेच्या चार बोटे खाली येणारे घ्या. बाह्या मनगटाशी जरा सैल हव्यात, म्हणजे बांगड्या अडत नाहीत. पदर आत खोचून कमरेला घट्ट घ्यावा आणि वरून चेन लावावी. डोक्यावरून घालायची जाकिटे वयस्कर बायकांना घेऊच नयेत. खांदा दुखणारीला ती घालणे-काढणे म्हणजे शिक्षाच.

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई गावच्या मंडळींबरोबर चारधामला निघाल्या. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि थंडीत दम लागायची खोड. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच. गौरीकुंडापासून सोळा-एक किलोमीटरची चढण, आणि मे महिन्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास. घरात सगळ्यांनाच काळजी. ह्यांनी सात हजारांचा पिसे भरलेला कोट पसंत करून ठेवला, तर आई ऐकायला तयार नाहीत.

“अगं, माझी शाल आहे की! त्याच शालीवर काशी झाली माझी.”

“आई, काशीला चढ नव्हता,” मी म्हटलं. “चढताना तुम्हांला घाम येणार. पाठ ओली होणार. मग कुठं टेकलात की तोच घाम गार पडणार. शाल सावरायची की काठी धरायची?”

काठीचा मुद्दा पटला बहुतेक! कोट परत गेला. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पैशांत २०० चे एक पुढून उघडणारे फ्लीस, आत घालायला पूर्ण बाह्यांचे उबदार बनियन दोन आणि वरून पावसाळी अंगरखा, एवढे झाले. डॉक्टरांना दाखवून छाती तपासून घेतली. मी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली : चालताना जाकिटाची चेन उघडी ठेवायची किंवा ते काढूनच ठेवायचे, आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न पाहता, घालायचे. आपण नेमके उलटे करतो. निघताना सगळे अंगावर चढवतो, वाटेत घामाघूम होतो आणि विसाव्याला उघड्यावर गार वारा घेतो.

वाटेत दोनदा पाऊस लागला. बरोबरच्या काहीजणींचे स्वेटर भिजून दगडासारखे जड झाले. आईंनी मुक्कामावर जाकीट झटकून दोरीवर टाकले, पहाटे ते जवळजवळ कोरडे. आणि शाल? ती पिशवीतून गेलीच होती. देवापुढे उभे राहताना त्यांनी तीच पांघरली. ते योग्यच झाले. ऊब आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विस्तवाशी वैर

आता जी गोष्ट सांगते ती मुलांना आणि घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.

पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंशांवर वितळते आणि वितळलेले थेंब कातडीला चिकटतात. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, घेतलाच तर ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते. फ्लीसची मोकळी लव मात्र चटकन धरते. थंडीच्या सकाळी जाकीट घालूनच आपण ओट्यापाशी उभ्या राहतो, मागच्या बर्नरवरचा चहा उतरवायला पुढच्या पेटत्या बर्नरवरून हात घालतो. आमच्या शेजारच्या वहिनींची बाही अशीच क्षणात आक्रसली. नशीब म्हणून रुपयाएवढ्या डागावर निभावले. तेव्हा स्वयंपाकघरात शिरताना जाकीट खुंटीला अडकवावे. थंडी वाजत असेल तर सुती ब्लाउजवर लोकरीचे बिनबाह्यांचे जाकीट घालावे. सैल बाह्या ओट्यापाशी नकोतच.

हीच गोष्ट शेकोटीची. निफाडकडे कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागांतूनही शेकोट्या पेटतात. एक ठिणगी उडाली तरी फ्लीसला भोक पडते. दिवाळीत फुलबाज्या उडवताना मुलांच्या अंगावर फ्लीस नको. जाडसर सुती कपडे बरे.

दुर्दैवाने भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. कापड कातडीला चिकटले असेल तर ओढून काढू नये. ते डॉक्टरांचे काम आहे.

आणखी एक. तान्ह्या बाळाला फ्लीसचे टोपीचे जाकीट घालून झोपवू नये. टोपी नाकातोंडावर येते, आणि बाळाला उकडले तर ते सांगू शकत नाही.

धुण्याच्या दिवशी

फ्लीस धुणे सोपे आहे, पण सवयीचे दोन-तीन हिसके सोडावे लागतात. दगडावर आपटणे, ब्रशने खरवडणे आणि उकळत्या पाण्यात भिजवणे, तिन्ही वर्ज्य.

धुण्याआधी खिसे तपासा. (मुलाच्या खिशातून खडू, चिंचोके आणि अर्धे खाल्लेले लाडू निघतात, हे मी शिक्षिका आणि आई या दोन्ही नात्यांनी सांगते.) मग चेन लावा, म्हणजे तिचे दात लवेला ओरबाडणार नाहीत. जाकीट उलटे करा. घासले जाते ती बाजू आत गेली की बोंडे कमी धरतात.

हाताने धुताना थंड किंवा कोमट पाण्यात थोडी साबणपूड विरघळवून पंधरा मिनिटे भिजवावे. कणकेला हलक्या हाताने मळतो तसे दाबावे. कॉलर आणि मनगटे तेवढी बोटांनी चोळावी. दोन पाण्यांतून काढावे; साबण राहिला की लव चिकट होते. पिळा न देता दाबून पाणी काढावे.

मशीनमध्ये असेल तर नाजूक कपड्यांचा फेरा आणि ३० अंशांचे पाणी. टॉवेल, पंचे बरोबर नकोत, त्यांचा बुरा फ्लीसला चिकटतो तो निघता निघत नाही. कपडे मऊ करणारी सुवासिक द्रावणे घालू नका. त्यांचा थर धाग्यांवर बसतो, लव चपटी होते आणि घाम बाहेर जायचा थांबतो. ब्लीच नको, ड्रायक्लीनिंगची गरज नाही, आणि इस्त्री तर मुळीच नको. एका हाताच्या चुकीने बाहीवर चकचकीत डाग पडतो तो कायमचा.

कपड्याच्या चिठ्ठीवरच्या खुणा ओळखायला शिकाव्या. टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाण्याची उष्णता, टबात हात म्हणजे हातानेच धुवा, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली तर समजतेच.

वाळवायचे ते सावलीत, वारा असेल तिथे. कडक उन्हात रंग उडतो. खांद्यापाशी चिमटे लावू नका, मधोमध दोरीवर टाका. ओलसर असतानाच बाळाच्या केसांच्या मऊ ब्रशने एकाच दिशेने फिरवले की लव पुन्हा उभी राहते. बोंडे धरलीच तर ओढू नका, ओढल्याने आणखी धागे बाहेर येतात. लहान कात्रीने कापडाला समांतर धरून कातरावी.

डागांचे काय?

पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण तेलाशी त्याची मैत्री फार. कॉलरवरचे खोबरेल, बाहीवरचे फोडणीचे तेल नुसत्या धुण्याने जात नाही. कोरड्या कापडावरच भांडी घासायच्या साबणाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटे ठेवा, मग धुवा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका. चांगले धुऊन तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात धरा. ऊन हळदीचा रंग खाते. मेणबत्तीचे मेण गार होऊन कडक होऊ द्यावे आणि नखाने सोलून काढावे. शाईला मात्र लगेच थंड पाणी. वाळली की ती आपली नाही.

पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास मुरतो. म्हणून आत नेहमी सुती कपडा घालावा आणि संध्याकाळी जाकीट तसेच कपाटात न कोंबता तासभर वाऱ्यावर टांगावे. असे केले तर सहा-सात वेळा वापरल्यावरच धुवावे लागते. वारंवार धुणे हा फ्लीसचा शत्रू आहे, आणि आपल्या नद्यांचाही.

मोरीतून नदीपर्यंत

हे आपल्याला दिसत नाही, म्हणून सांगायला हवे. फ्लीस धुताना त्यातले केसाहूनही बारीक तंतू तुटून पाण्याबरोबर जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कपड्यातून एका धुण्याला १,९०० हून अधिक तंतू निघाल्याचे आढळले. हे प्लास्टिकचेच तंतू. ते कुजत नाहीत. मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि शेवटी समुद्रात जातात. तिथे मासे ते गिळतात.

मग फ्लीस वापरूच नये का? तसे मी म्हणणार नाही. पण आपल्या हातचे काही आहे. गरज असेल तेव्हाच धुणे, थंड पाण्यात धुणे, मशीन अर्धे रिकामे न लावणे. बादलीत धुतलेले पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून मोरीत सोडावे. फडक्यावर राखाडी बुरा साचलेला दिसतो. तो वाळवून केरात टाकावा, पुन्हा पाण्यात झटकू नये. सगळे तंतू अडकत नाहीत, पण जेवढे अडकले तेवढे नदीत गेले नाहीत.

प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासूनही आता फ्लीस होते. ‘पॅटागोनिया’ने १९९३ साली त्याची सुरुवात केली. बाटली उकिरड्यावर जाण्यापेक्षा जाकीट झाले हे चांगलेच. पण धुताना तंतू त्यातूनही जातात, म्हणून काळजी तीच.

उन्हाळ्यात ठेवताना

धुऊन, पूर्ण वाळवून, सैल घडी करून जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवावे. वर जड गाद्या-चादरी रचू नयेत. लव दबते ती दबतेच. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, म्हणून डांबराच्या गोळ्यांची जरुरी नाही. तसेही मुलांच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत. गोळी तोंडात गेली तर विषबाधा होते. लोकर मिसळलेले असेल तर स्वच्छ धुऊन, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची पुरचुंडी ठेवून वर्षातून दोनदा हवा दाखवावी.

जुने झाले की

मुलांची जाकिटे फाटण्याआधीच आखूड होतात. ती धुऊन, चेन दुरुस्त करून धाकट्याला किंवा गरजूला द्यावी. चेन बदलायला शिंप्याकडे शंभराच्या आत-बाहेर लागतात, तेवढ्यासाठी चांगले जाकीट टाकून देऊ नये. अगदीच विटले तर पाठीच्या कापडातून गरम पाण्याच्या पिशवीचे वेष्टण निघते, बाह्यांमधून आजोबांच्या गुडघ्यांसाठी दोन उबदार नळ्या निघतात, आणि उरलेले तुकडे गोधडीच्या आतल्या थरात जातात.

मात्र गरम भांडी उतरवायची फडकी त्याची कधीही शिवू नका. त्याला सुती जुनेरच हवे. कुठले कापड कुठे वापरायचे हे कळणे, हीच तर आपल्या घरातली मोठी विद्या!